परग्रहावरचा सण आणि चार हातांची सुगरण

विज्ञानकथा म्हटलं की आपल्या चळवळीतल्या बऱ्याच जणी पान उलटतात. यानं, यंत्रमानव, ताऱ्यांवरची युद्धं हा पुरुषांचा आणि शाळकरी मुलग्यांचा प्रांत, त्यात आपलं काय काम, अशी आपली समजूत असते. पण या साहित्याच्या जुन्या पेटाऱ्यात एक छोटासा कप्पा आहे, तो मात्र बायकांनी मुद्दाम उघडून पाहावा. दूरच्या ग्रहावर साजऱ्या होणाऱ्या सणांच्या गोष्टी त्यात आहेत. यातल्या बहुतेक गोष्टी अमेरिकेत लिहिल्या गेल्या, त्यामुळे सण बहुधा नाताळचा किंवा नाताळासारखाच.

या गोष्टींत लेखकाला सगळी मोकळीक असते. आकाशाचा रंग, प्राण्यांचे पाय, दिवसाची लांबी, काहीही बदलायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मग त्या नव्या जगात सण येतो आणि एक साधा प्रश्न उभा राहतो : हा सण करायचा कोणी? सगळं विश्व नव्यानं रचणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर बदलतो का, हे पाहण्यासारखं आहे. कारण जे कल्पनेतही बदलता येत नाही, ते आपल्या मनात किती खोल रुजलं आहे, हे त्यावरून कळतं.

गॅनिमीडवरचा संप

पहिली गोष्ट आयझॅक आसिमोव्ह यांची, ‘ख्रिसमस ऑन गॅनिमीड’. ती त्यांनी 1940 च्या डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी लिहिली आणि ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ या मासिकाच्या जानेवारी 1942 च्या अंकात ती छापून आली. गॅनिमीड हा गुरू ग्रहाचा सर्वांत मोठा चंद्र. तिथे पृथ्वीवरच्या एका कंपनीचा तळ आहे. शहामृगासारखे दिसणारे तिथले मूळ रहिवासी कंपनीसाठी राबतात. कंपनीची माणसं त्यांना ‘ऑसी’ म्हणतात. ठरलेला माल वेळेत पृथ्वीकडे धाडायची कंपनीला घाई आहे. अशात ओलाफ जॉन्सन नावाचा एक कर्मचारी ऑसींना सांताक्लॉजची गोष्ट सांगून बसतो. झालं! ऑसी काम बंद करतात. आमच्याकडेही सांताक्लॉज आला पाहिजे, तोवर कामाला हात लावणार नाही!

मग साहेबाच्या हुकमावरून कंपनीचे सगळे पुरुष कामाला लागतात. ओलाफला सांताक्लॉजचा वेश चढवला जातो. घसरगाडी तयार होते, तिला तिथलेच प्राणी जुंपले जातात. झाडावर टांगायचे काचेचे चमकदार गोळे ऑसींना भेट म्हणून मिळतात. ऑसींना वाटतं, ही सांताक्लॉजची अंडी! ते खूश होऊन कामावर परततात. शेवटी कळतं की त्यांना हा सण दर वर्षी हवा आहे, आणि त्यांचं वर्ष म्हणजे गॅनिमीडची गुरूभोवतीची एक फेरी. ती पूर्ण होते अवघ्या सात दिवसांत! दर आठवड्याला नाताळ करायचा, या कल्पनेनं ते पुरुष हादरून जातात आणि तिथेच गोष्ट संपते.

या गोष्टीत एकही बाई नाही. त्या काळच्या अशा कथांमध्ये हे नेहमीचंच. पण बाई नसल्यामुळे एक गंमत झाली आहे. सणाचं काम पुरुषांच्या अंगावर पडलं आणि पडताक्षणी ते ‘काम’ झालं. त्याला हुकूम लागला, माणसं नेमावी लागली, वेळ मोजला गेला, कुरकुर झाली. ‘सण आहे, मनापासून करा’ असं तिथे कोणी कोणाला म्हटलं नाही. आणि दर सात दिवसांनी सण ही पुरुषांना आपत्ती वाटते! मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावणातला जवळजवळ प्रत्येक वार, महिन्याची संकष्टी, शिवाय गौरी, नवरात्र, दिवाळी, संक्रांत हे सगळं सांभाळणाऱ्या बाईला ही कलाटणी वाचून हसू येईल, पण तिला त्यात नवल वाटणार नाही.

मंगळावरची आई

दुसरं उदाहरण 1964 च्या एका अमेरिकन सिनेमाचं, ‘सांताक्लॉज काँकर्स द मार्शियन्स’. सिनेमा म्हणून तो अगदीच सुमार, पण आपल्या कामाचा आहे. मंगळावरची मुलं दूरदर्शन संचावर पृथ्वीचे कार्यक्रम पाहून उदास झाली आहेत. तेव्हा मंगळाचा प्रमुख किमार पृथ्वीवर येऊन चक्क सांताक्लॉजला पळवून नेतो. मंगळावर खेळणी हातानं करावी लागत नाहीत, बटण दाबलं की यंत्रातून बाहेर पडतात.

सणाच्या कामाचं यंत्र बनवण्याइतकी कल्पनाशक्ती इथे आहे. पण नावं पाहा. किमारच्या बायकोचं नाव ‘मोमार’. हे नाव इंग्रजीतल्या ‘आई’ या शब्दावरून केलेलं आहे. मुलगा ‘बोमार’, मुलगी ‘गिर्मार’, तीही नावं त्याच धर्तीची. किमारच्या नावात त्याचा हुद्दा आहे, त्याच्या बायकोच्या नावात तिचं नातं. संपूर्ण ग्रहावर तिची ओळख एवढीच, की ती आई आहे. मुलं खिन्न झाली की काळजी तिनं करायची आणि यान घेऊन तोडगा आणायला बापानं जायचं. सांताक्लॉजची बायको तर मागे उत्तर ध्रुवावरच राहते. पळवून न्यावं इतकं तिचं महत्त्व कोणाला वाटलेलं नाही.

दोन हातांची माल्ला

तिसरं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट 1977 मध्ये जगभर गाजला. त्याच्या यशावर स्वार होऊन सीबीएस या अमेरिकन वाहिनीनं 17 नोव्हेंबर 1978 रोजी ‘स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल’ नावाचा कार्यक्रम दाखवला. त्याची इतकी हेटाळणी झाली की वाहिनीनं तो पुन्हा दाखवला नाही. घरोघरी कोणीकोणी करून ठेवलेल्या ध्वनिचित्रफितींमुळेच तो टिकला.

कश्यिक नावाच्या ग्रहावर वूकी हे केसाळ, धिप्पाड प्राणी झाडावरच्या घरांत राहतात. त्यांचा मोठा सण म्हणजे ‘लाइफ डे’, जीवनदिन. चित्रपटातला लढवय्या च्युबाका या सणासाठी घरी यायला निघाला आहे आणि वाटेत शत्रूची यानं त्याच्या मागे लागली आहेत. घरी त्याची बायको माल्ला, मुलगा लंपी आणि म्हातारा बाप इची वाट पाहत आहेत.

माल्ला काय करते? अर्थातच स्वयंपाक. तिच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यावर पाककृतीचा कार्यक्रम चालू आहे. तो सादर करणाऱ्या बाईंना चार हात आहेत. त्या ढवळतात, घुसळतात, पुन्हा ढवळतात. दोन हात पुरेनात, तेव्हा तिसरा काढतात, मग चौथा. माल्ला बिचारी आपल्या दोन हातांनी त्यांच्या बरोबरीनं करू पाहते आणि तिची त्रेधा उडते. प्रेक्षकांनी इथे हसावं अशी अपेक्षा आहे. ही चार हातांची सुगरण एका पुरुष नटानं विनोदासाठी रंगवली आहे.

त्याच घरात बाहेरच्या खोलीत सासरेबुवा खुर्चीत बसले आहेत. ओळखीच्या व्यापाऱ्यानं सणाची भेट म्हणून त्यांना एक फीत दिली आहे. डोक्याला यंत्र लावून ते तिच्यातली सुंदर स्त्री पाहतात आणि खुशीत येतात. मग साम्राज्याचे सैनिक घराची झडती घ्यायला येतात, तेव्हाही मुलाला सांभाळत घर धरून ठेवायचं काम माल्लाचंच. शेवटी नवरा पोचतो आणि सण साजरा होतो.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी वूकींना स्वतंत्र भाषा दिली, घरं झाडांवर नेली, सणाला नवं नाव दिलं. मात्र सणाच्या दिवशी घरात कोण कुठे असेल, ही मांडणी 1978 च्या अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरातून जशीच्या तशी उचलली. ती आपल्या घरांतलीही आहे, हे वेगळं सांगायला नको.

काम केव्हा दिसतं

या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती लागतं. बाई नसेल तेव्हा सणाचं काम दिसतं. बाई असेल तेव्हा ते तिच्या स्वभावात, हौसेत, मायेत विरघळून जातं. गॅनिमीडवर तो कंपनीचा कार्यक्रम होता, कश्यिकवर तो माल्लाचा उत्साह झाला. घाम गाळावा लागला तो दोन्हीकडे.

आणि हे फक्त कल्पनेतलं नाही. 1973 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात तीन पुरुष अंतराळवीर होते. नाताळ आला, तेव्हा त्यांनी जेवणाचे रिकामे डबे जोडून झाड तयार केलं आणि त्या वेळी आकाशात असलेल्या धूमकेतूची आठवण म्हणून वर शेपटीचा तारा लावला. ‘पुरुषांना यातलं काही सुचत नाही’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. इथे तर तिघांनाही सुचलं! करणारं दुसरं कोणी नसलं की सगळ्यांना सुचतं.

आपल्याकडचे आकडे पाहा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं. ही वर्षभराची सरासरी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काय होत असेल, ते प्रत्येकीनं आपापल्या घरात मोजून पाहावं. वस्तीत काम करताना मी पाहते, घरकामगार बाई चार घरांतल्या चकल्या तळून, भांडी घासून रात्री घरी पोचते आणि मग स्वतःच्या घरचा फराळ सुरू करते. तिला तर चार हातही पुरणार नाहीत.

मग सण सोडायचे का?

आपल्या चळवळीत या प्रश्नावर दोन टोकाच्या भूमिका ऐकू येतात. एक म्हणते, सण हेच पितृसत्तेचं हत्यार आहे, ते टाकून द्या. दुसरी म्हणते, बायकांच्या वाट्याला तेवढाच तर आनंद असतो, त्यात कशाला तत्त्वज्ञान आणता? मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, आणि इथे पुन्हा ऑसींची आठवण होते.

आसिमोव्ह यांनी ऑसी भोळे, हास्यास्पद रंगवले आहेत. वसाहतीतल्या मूळ रहिवाशांकडे पाहण्याची गोऱ्या माणसाची ती नजर आहे आणि ती खटकल्याशिवाय राहत नाही. पण ऑसींनी जे केलं ते भोळेपणाचं नाही. मालकाचा सण त्यांनी आपली मागणी म्हणून पुढे केला, आणि राबणारे हात थांबले की कंपनी थांबते, हे त्यांना नेमकं कळलं होतं. घरकामगार बायकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी पगार आणि रजेसाठी काम बंद ठेवलं आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठीचा राज्याचा कायदा यायला मात्र 2008 साल उजाडलं. दिवाळीचा बोनस, सणाची भरपगारी सुट्टी या मागण्या आजही कित्येक घरांत ‘चढेलपणा’ ठरतात. सणाचा आनंद मालकिणीलाच हवा आणि मोलकरणीला नको, असं तर नाही? तेव्हा सण सोडणं हा एकच मार्ग नाही. त्यावर आपला हक्क सांगणं हाही एक मार्ग आहे.

मात्र हक्क सांगायचा तर आधी काम डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक गटानं पुढच्या सणाच्या आधीच्या बैठकीत एक मोठा कागद भिंतीवर लावावा. साफसफाई, वाणसामान, दळण, फराळ, पूजेची तयारी, पाहुण्यांची झोपायची सोय, कोणाकडे काय पाठवायचं हे लक्षात ठेवणं, नंतरची आवराआवर असं सगळं त्यावर लिहावं. समोर लागणारे तास आणि करणारीचं नाव. हाच कागद मग घरी न्यावा, नवऱ्यापुढे, मुलग्यांपुढे, सासऱ्यांपुढे ठेवावा आणि नावांचा रकाना नव्यानं भरायला सांगावा. ज्या घरात कामाला बाई येते, तिथे तिची सुट्टी आणि बोनस याच कागदावर यावेत. संक्रांतीचं हळदीकुंकू करणार असू, तर विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या सगळ्या जणींना बोलावून करू. तिळगूळ वाटायचं आणि कपबशा विसळायचं काम त्या दिवशी पुरुष कार्यकर्त्यांकडे द्यावं.

काही घरांत यावरून भांडणं होतील. ‘सणासुदीला कशाला वाद?’ हे वाक्य ऐकावं लागेल. पण वाद काढायची दुसरी वेळ कुठली? पाण्याचा प्रश्न आपण पाणी तुटतं तेव्हाच काढतो. सणाच्या कामाचा प्रश्न सणातच निघणार.

तुमच्या गटात तो कागद कसा भरला गेला, कोणी सही करायला नकार दिला आणि कोणी चक्क चकल्या पाडायला बसलं, ते अंकाकडे जरूर लिहून पाठवा.