‘मूळ चाक’ नावाची दंतकथा

#धागा

१/ अभिजात मोटारींच्या जगात एक निवाडा वारंवार ऐकू येतो : गाडी कारखान्यातून ज्या चाकांवर बाहेर पडली, त्याच चाकांवर ती उभी असावी, त्याहून मोठे चाक बसवणे म्हणजे अभिरुचीचे दारिद्र्य. हा निवाडा इतिहासाच्या नावाने दिला जातो. इतिहास मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. हा वाद अमेरिकेत जन्मला आणि तिथेच पेटला, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः अमेरिकेचे आहे.

२/ ‘मोठे चाक’ म्हणताना दोन मापांची सरमिसळ होते. एक माप धातूच्या रिमच्या व्यासाचे. दुसरे, टायर धरून संपूर्ण चाकाच्या व्यासाचे. रिम मोठी करूनही चाक तेवढेच ठेवता येते, कारण टायरची उंची कमी करता येते. या वादातील निम्मी चिडचिड या दोन मापांतील फरक न कळल्यामुळे होते.

३/ आता प्रारंभापासून. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे मागचे चाक टायरसह ३० इंच व्यासाचे होते, रिम २३ इंची. गाडीची लांबी जेमतेम ३.४ मीटर. हे चाक कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेले नव्हते. तत्कालीन अमेरिकेतील ग्रामीण रस्ते म्हणजे चिखल आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारखे खोल चर. उंच चाक चरातून सहज वर येते आणि आस जमिनीपासून दूर राखते. टायर अरुंद होते आणि त्यांत हवेचा दाब जास्त असे.

४/ १९२३ च्या सुमारास फायरस्टोन आणि मिशेलिन यांनी कमी दाबाचे, फुगीर टायर बाजारात आणले. हवेची गादी जाड झाली, तशी रिम आकसू लागली. एकट्या फोर्डचा क्रम पाहावा : १९२८ साली २१ इंच, १९३० साली १९, १९३२ साली १८, १९३३ साली १७, १९३५ साली १६. सात वर्षांत पाच इंच गेले. यांतले ‘मूळ’ माप कोणते, हे शुद्धतावाद्यांनी सांगावे. दर एक-दोन वर्षांनी बदलणाऱ्या मापाला परंपरा म्हणण्यासाठी विलक्षण श्रद्धा लागते.

५/ रस्ते सुधारल्यावर चाकाचा आकार रस्त्याच्या हातून निसटला आणि रेखाटनकाराच्या हाती गेला. जनरल मोटर्सचे हार्ली अर्ल यांचा आयुष्यभराचा ध्यास एकच : मोटार अधिक लांब आणि अधिक बुटकी दिसली पाहिजे. १९३८ च्या ‘ब्यूइक वाय-जॉब’ या त्यांच्या प्रायोगिक गाडीला त्यांनी अवघी १३ इंची चाके दिली. चाक लहान केले की बॉडी आपोआप लांबलचक भासते. हा दृष्टिभ्रम होता, आणि तो जाणूनबुजून घडवलेला होता.

६/ १९५५ व १९५६ ची शेव्हरोले १५ इंची रिमवर होती. १९५७ ची ‘बेल एअर’ १४ इंचांवर आली, ती गाडी खाली बसावी म्हणून. आज संग्राहक ज्या १४ इंचांची पूजा करतात, ते माप म्हणजे त्या वर्षीच्या फॅशनने मागितलेली एक इंचाची कपात. फॅशन म्हणून आलेली वस्तू साठ वर्षांनी शास्त्र म्हणून मिरवते. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना मांडली, ती राजदरबार आणि राष्ट्रीय सोहळ्यांच्या संदर्भात. मोटारींचे मेळावे त्यांच्या नजरेस पडले असते, तर एक प्रकरण वाढले असते.

७/ कारखान्यांनाही आपल्या मापाची फारशी मातब्बरी नव्हती. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या ‘मिनी’साठी १० इंची चाक ठरवले, डनलॉपला त्यासाठी खास टायर घडवावे लागले. हेतू एकच : तीन मीटरच्या गाडीत चार माणसांना जागा हवी, चाकाच्या खोबणीने ती खाता कामा नये. पुढे १९८४ मध्ये पुढच्या चाकांना मोठे डिस्क ब्रेक द्यायचे ठरले, तेव्हा त्याच कारखान्याने १२ इंची चाक दिले. आणि अखेरच्या वर्षांत, मडगार्डच्या कमानी रुंद करून, १३ इंची. कारखान्याने केले की ती सुधारणा आणि गल्लीतल्या गॅरेजने केले की ती विटंबना, अशी ही विभागणी आहे.

८/ इथे थोडे गणित आवश्यक आहे. मिनीची लांबी सुमारे ३.०५ मीटर आणि रिम १० इंच. १९७१ ची शेव्हरोले ‘कॅप्रिस’ सुमारे ५.५ मीटर लांब, रिम १५ इंच. लांबीच्या प्रमाणात पाहिले, तर चिमुकली म्हणून प्रसिद्ध असलेली मिनीची रिम त्या अजस्र शेव्हरोलेच्या रिमपेक्षा मोठी ठरते. मिनीचे प्रमाण कॅप्रिसला लावावयाचे, तर तिला १८ इंची रिम हवी. ‘मॉडेल टी’चे लावावयाचे, तर तब्बल ३७ इंची. वाचकाने हा हिशेब स्वतः करून पाहावा. कॅप्रिसखालचे १५ इंची चाक हे ‘नैसर्गिक प्रमाण’ नव्हे. अर्ल यांनी रुजवलेल्या बुटकेपणाच्या हव्यासाचे ते अवशेष आहे.

९/ आता चाकावरून माणसांकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस आणि परिसरातील मेक्सिकन-अमेरिकन तरुण जुन्या शेव्हरोले विकत घेत, डिकीत वाळूची पोती टाकून त्या खाली बसवत आणि रस्त्यावरून सावकाश मिरवत. या ‘लोरायडर’ गाड्या. त्यांची चाके मोठी नव्हती, उलट पुढे १३ इंची तारांची चाके हीच त्यांची खूण ठरली. तरीही आक्षेप तोच : ही अभिरुची नव्हे.

१०/ आणि आक्षेप नाक मुरडण्यावर थांबला नाही. कॅलिफोर्नियाने १९५८ मध्ये कायदा केला : गाडीचा कोणताही भाग रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. म्हणजे कोणाची गाडी किती बुटकी असावी, हे रिमच्या कडेवर पट्टी लावून पोलीस ठरवणार. डेट्रॉइटमधील रेखाटनकाराने गाडी बुटकी केली तर ती कला. पूर्व लॉस एंजेलिसमधील तरुणाने केली तर गुन्हा.

११/ त्यावरचे उत्तर १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी शोधले. लष्करी विमानांच्या भंगारातील हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला जोडून त्यांनी अशी सोय केली की पोलीस दिसताच गाडी वर उचलावी आणि पुढे जाताच खाली आणावी. आज जगभर ज्या ‘उड्या मारणाऱ्या’ गाड्या पाहून लोक टाळ्या वाजवतात, त्यांचे मूळ एका पक्षपाती नियमाला दिलेल्या बगलेत आहे.

१२/ पुढे काय झाले? १९६४ च्या इम्पालावर घडवलेली ‘जिप्सी रोझ’ ही लोरायडर २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, काचेच्या पेटीत, राष्ट्रीय वारसा म्हणून मांडली गेली. आणि १९५८ चे ते बंधन कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकले. गाडी संग्रहालयाच्या योग्यतेची ठरल्यानंतरही काही वर्षे तीच गाडी रस्त्यावर आणणे कायद्याने अडचणीचे होते.

१३/ आज तोच तिरस्कार ‘डॉन्क’च्या वाट्याला आला आहे. १९७१ ते १९७६ च्या इम्पाला व कॅप्रिस, त्यांवर २२ पासून ३० इंचांपर्यंतच्या रिम, झगझगीत रंग. मायामी आणि फ्लोरिडातील कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेली ही शैली. वर्गवारी काटेकोर आहे : १९७७ नंतरची चौकोनी गाडी ‘बॉक्स’, १९९१ नंतरची गोलसर गाडी ‘बबल’. ज्या लोकांना अडाणी ठरवले जाते, त्यांच्याकडे संग्राहकांइतकीच बारीक कालगणना आहे.

१४/ दुसरीकडे, १९६७ ची कॅमॅरो. मूळ रिम १४ इंची. १९९० च्या दशकापासून तिच्यावर १७-१८ इंची रिम बसवण्याची रीत रुळली. तिला ‘प्रो-टूरिंग’ असे भारदस्त नाव मिळाले. कॅलिफोर्नियातील ‘सिंगर’ ही कंपनी जुन्या पोर्शे ९११ ची पुनर्रचना करते : वळण १९६०-७० च्या दशकांचे, चाकांची नक्षी त्या काळच्या ‘फुक्स’ चाकांची, पण व्यास तेव्हाच्या १५ ऐवजी १७ इंच. किंमत अनेक लाख डॉलर. त्या गाडीला कोणी विद्रूप म्हणत नाही, ‘संयत’ म्हणतात. पिएर बूर्दिए यांनी १९७९ मध्ये ‘ला दिस्तँक्सियाँ’ या ग्रंथात अभिरुची आणि वर्ग यांचे नाते उलगडले होते. चाकाच्या बाबतीत ते नाते उलगडण्याचीही गरज नाही, ते उघडेच आहे.

१५/ याचा अर्थ प्रत्येक मोठे चाक शोभते असा नाही. इथे डॉन्कच्या काही समर्थकांशीही भांडण आहे. अभिरुची ही वस्तू अस्तित्वात आहे. फक्त ती कारखान्याच्या माहितीपत्रकात नसून चाक, टायर, कमान आणि ब्रेक यांच्या परस्परसंबंधात आहे.

१६/ उदाहरणार्थ, या जुन्या शेव्हरोलेंवर आज सहसा बसणारा २३५/७५-१५ मापाचा टायर घ्यावा. एकूण व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. त्याऐवजी १८ इंची रिमवर २५५/५५ चा टायर चढवला, तर व्यास सुमारे ७३८. फरक चार मिलिमीटरचा. गाडीची उंची, वेगदर्शक, कमानीतील पोकळी, सारे जागच्या जागी. रिम तीन इंच वाढली, पण ‘चाक’ वाढलेच नाही. इथे तक्रारीला जागा कुठे उरते?

१७/ आता २६ इंची रिम आणि ३०५/३० चा टायर. व्यास सुमारे ८४३ मिलिमीटर, म्हणजे १५ टक्के अधिक. आस साडेपाच सेंटिमीटर वर जाते. वेगदर्शक ६० दाखवतो तेव्हा गाडी ६९ ने धावत असते. तितकीच मंद गती साधायला ब्रेकना १५ टक्के अधिक बल लावावे लागते, आणि जड रिमचा फिरता भार वेगळाच. ज्याने ब्रेक, गिअरचे प्रमाण आणि सस्पेन्शन त्या हिशेबाने बदलले, त्याने एक नवी, सुसंगत वस्तू घडवली. फ्लोरिडातील उत्तम कारागीर हे करतात. ज्याने फक्त चाके विकत घेतली, त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाशी खेळ मांडला. ही टीका वैध आहे, आणि ती सिंगरच्या ग्राहकालाही तितकीच लागू आहे.

१८/ डोळ्यांचेही काही नियम आहेत. १९५० च्या दशकातील गाड्यांच्या बाजू फुगीर आणि जाड. त्यांच्याखाली टायरची थोडी काळी भिंत दिसावीच लागते, नाहीतर बॉडी हवेत तरंगल्यासारखी वाटते. रुंद फटींची मोठी रिम बसवून आत जुना छोटा ड्रम ब्रेक तसाच ठेवला, तर भल्यामोठ्या देवळात सुपारीएवढी मूर्ती ठेवल्यासारखे दिसते. चाकाची बाहेरची कड कमानीच्या कडेपासून किती आत-बाहेर आहे, यावर तर सारे अवलंबून. सेंटिमीटरभर चूक झाली की गाडी फेंगडी वाटते. ही कारागिरी वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, ती माहितीपत्रकातून उतरवून घेता येत नाही.

१९/ खरी सीमारेषा दुसरीकडेच आहे. चाक चार-पाच नटांवर बसते, तासाभरात उतरते. मूळ चाके गॅरेजमध्ये सांभाळून ठेवली की इतिहासाचे काहीही बिघडत नाही. पण मोठे चाक घासू नये म्हणून मडगार्डची कमान कापली, आतला पत्रा ठोकून मागे सारला, तर तो पत्रा परत येत नाही. शुद्धतावादी कोणत्याही चाकावर ओरडत राहतात. त्यामुळे कटर हाती घेतलेल्याला रोखण्याचा त्यांचा नैतिक अधिकारही ओसरतो.

२०/ आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फीव्हा’ने संमत केलेली तुरीन सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. वापराच्या काळात गाडीत झालेले बदल हेही तिच्या इतिहासाची साक्ष मानून जपावेत, असे ती सांगते. त्यामुळे जुन्या लोरायडरवरची १३ इंची चाके उतरवून तिला पुन्हा ‘मूळ’ १४ इंचांवर आणणे, हा त्या सनदेच्या दृष्टीने इतिहासाचा नाश आहे. ‘मूळ’ हा शब्द हातोड्यासारखा वापरणारे ही सनद क्वचितच उघडतात.

२१/ भारतातही हा शब्द आता नियमांत शिरला आहे. अमेरिकी गाड्या इथल्या वारशाचा भाग आहेत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या यादीत चाकांचा उल्लेख नाही. मात्र निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या संदर्भात बजावलेले आहे. कुर्ल्यात जोडलेल्या प्लिमथचे जुन्या मापाचे टायर आज सहजी मिळत नाहीत. तिच्या मालकाला कधीतरी वेगळी रिम घ्यावीच लागेल. तेव्हा कोणत्या वर्षाचे, कोणत्या देशाचे माप ‘मूळ’ धरायचे, हे परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर ठरेल.