केस तिचे, निकाल दुसऱ्यांचे

बाईच्या डोक्याचा भांग रुंद व्हायला लागला की निकाल देणारे दोघे तिच्यासमोर उभे राहतात. एक म्हणतो, ‘वय झालं की व्हायचंच, नखरे कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘एका दिवसात केशरोपण, हप्त्यांची सोय, आजच फोन करा.’ पहिला बहुधा घरातच असतो, दुसरा मोबाइलच्या पडद्यावर. दोघांनीही तिच्या डोक्याला हात लावून पाहिलेला नसतो. माझं म्हणणं असं की दोघेही चुकतात, पण दुसरा जास्त घातक आहे, कारण तो तिची बाजू घेतल्यासारखं बोलतो.

हे मी म्हसवड डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. पुण्यातल्या बाईला एका रस्त्यावर दोन त्वचारोगतज्ज्ञ सापडतात. माणगंगेकाठच्या या गावातून साताऱ्याला किंवा मिरजेला तज्ज्ञाकडे जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, घरात ‘कशाला?’चं उत्तर द्यावं लागतं. जाहिरातीला मात्र एस.टी. लागत नाही. ती माण तालुक्यातल्या वस्तीवरही पोचते आणि डॉक्टरच्या आधी पोचते. सगळा घोटाळा या क्रमात आहे.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. ‘पोटाची भ्रांत असलेल्या मुलखात केसांची चैन कसली?’ हा त्याचा आवडता मुद्दा. ऐकायला तो फार व्यवहारी वाटतो. पण बाईचे केस ही तिची खासगी, किरकोळ बाब आहे असं आपल्या समाजाने कधी मानलं होतं? नवरा गेला की ते भादरायचे, हा धर्म होता. 1890 मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे त्या धर्माच्या हातातला वस्तरा थरथरला. ज्या फुल्यांच्या विचारातून हे घडलं त्यांचं मूळ गाव कटगुण इथून जवळच, खटाव तालुक्यात. दुसरीकडे केसांत गुंता होऊन जट झाली की ती देवीची म्हणून कापायची नाही, त्या ओझ्याने मान आखडली तरी चालेल. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती आजही हे काम करते आहे, आणि समितीच्या नंदिनी जाधवांनी शेकडो बायकांना जटेतून मोकळं केलं आहे. म्हणजे केस काढायचे तेव्हाही निकाल दुसऱ्याचा, ठेवायचे तेव्हाही दुसऱ्याचा. आणि ती स्वतः म्हणाली की मला माझे केस हवेत, तर तो नखरा!

तो नखरा नवाही नाही. केस विरळ झाले की गंगावन लावून अंबाडा भरीव करायचा, हे आपल्या आज्यापणज्या उघडपणे करत होत्या. फणीत आलेला गुंतवळ साठवून त्यावर दारात भांडी घेणाऱ्या बायका खेड्यापाड्यांत अजून आहेत. केसांची किंमत त्यांना शिकवायला नको. पुरुषाने टक्कल झाकायला पैसे घातले की आपण त्याला आत्मविश्वास म्हणतो. हा शब्द त्याच्या एकट्याच्या मालकीचा कसा?

राहिला पैशाचा प्रश्न. तो म्हसवडच्या बायकांना विचारावा. चेतना सिन्हा यांच्यासोबत इथल्या बायका बँकेचा परवाना मागायला गेल्या, तेव्हा लिहितावाचता न येणाऱ्यांची बँक कशी, म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या गावच्या बाईला मुद्दल आणि व्याज असं कळतं, तिने स्वतःच्या कमाईतला पैसा शेळीवर घालायचा की डोक्यावर, हे पारावरच्या माणसाने सांगू नये.

आणखी एक आक्षेप सुशिक्षित मंडळींकडून येतो. केसांची चिंता म्हणजे सौंदर्याच्या बाजाराची गुलामी, बाईने ती झुगारावी, वगैरे. हे सांगणाऱ्यांच्या डोक्यावर बहुतेक वेळा भरपूर केस असतात. त्याहून जास्त वेळ त्यांना द्यायचं कारण नाही.

आता दुसरा. याची गाठ नीट सोडवायला हवी, कारण त्याच्या बोलण्यात निम्मं खरं आहे. केशरोपण ही थाप नव्हे. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइख यांनी दाखवून दिलं की डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट पुढे लावले तर ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, नव्या जागीही टिकतात. पुरुषांच्या टकलाला हे छान लागू पडतं. पुरुषाचे केस कपाळावरून आणि टाळूवरून जातात, मानेवरचा पट्टा मात्र शेवटपर्यंत दाट राहतो. तिथून उचलायचं, इथे लावायचं.

बाईचं तसं नसतं. तिच्या कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते आणि मागे भांग रुंदावत जातो, टाळू दिसू लागते. 1977 मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरात आहेत. अनेक बायकांत ही विरळता टाळूपुरती थांबत नाही, बाजूला आणि मागेही पसरते. म्हणजे जिथून केस उचलायचे तो पट्टाच अशक्त. कांदा लावणाऱ्या माणदेशी बाईला हे दोन वाक्यांत कळेल: रोपाचा वाफाच वाळत असेल तर त्यातलं रोप उपटून रानात लावून काय होणार? वाफाही जातो आणि रानही भरत नाही. शिवाय विरळ पण जिवंत केसांच्या मधे छिद्रं पाडली की आजूबाजूचे दुबळे केसही धक्क्याने गळू शकतात, आणि त्यातले काही परत येत नाहीत. लावलेले केससुद्धा पहिल्या काही आठवड्यांत झडतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा निकाल कळायला वर्ष लागतं. ‘एका दिवसात’ होतं ते फक्त टोचणं आणि बिल.

पण याच्याही आधीचा प्रश्न जाहिरात विचारतच नाही: केस का जातात? रोज 50 ते 100 केस गळणं हा निसर्ग आहे. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपासमार करून झटपट घटवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ येऊ लागतात. बाई घाबरते, कारण ताप तोवर विसरलेला असतो. हे केस बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप परत येतात. अशा वेळी रोपण करणं म्हणजे जे फुकट मिळणार आहे त्याचे पैसे मोजणं, आणि श्रेय मात्र दवाखान्याला. थायरॉइडचा बिघाड, पाळीच्या तक्रारींसह येणारा पीसीओएस, काही औषधं, ही बाकीची कारणं. रक्तातलं लोह आणि केसगळती यांच्या नात्याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत, हे मान्य. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त! त्या राज्यात डोक्यात सुया टोचण्याआधी बोटातून थेंबभर रक्त घ्यायला काय हरकत आहे?

कारण शोधण्याचं महत्त्व बुलढाण्याने दाखवून दिलं. 2024 च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, मग बुरशीवर. कॉलेजला जाणं थांबलेल्या आणि लग्नं अडलेल्या मुलींच्या बातम्या आल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने घेऊन तपासले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तो गहू थांबल्यावर अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. त्या जानेवारीत एखाद्या मुलीला बापाने घाबरून कर्ज काढून रोपणाला नेलं असतं तर?

घरगुती उपायवाल्यांनाही इथेच उरकून घेतो. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून विरळ होण्याचं खापर त्यावर फोडू नये. कांद्याचा रस 2002 मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईवर, म्हणजे चकत्या-चकत्यांनी केस जाण्यावर, वापरून पाहिला होता, छोट्या प्रयोगात. चाई वेगळी, भांग रुंदावणं वेगळं. आणि केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकवू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्येच तसा इशारा दिला आहे. म्हणजे जी गोळी केसांसाठी घ्यायची तीच केस जाण्याचं कारण लपवायची!

ज्याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे ते मिनॉक्सिडिल. मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्याला लावायच्या रूपात आलं. चार-सहा महिने नेटाने लावावं लागतं, थांबवलं की फायदाही ओसरतो, गरोदरपणात वापरू नये. त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंचा थाट नाही, म्हणून त्याचे फलक लागत नाहीत. रोपण केलेल्या बाईलाही उरलेले केस टिकवायला बहुधा तेच लावावं लागतं, ही गोष्ट सही झाल्यावर सांगतात.

मग रोपण कुणीच करू नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. वर्षानुवर्षं ओढून बांधलेल्या केसांमुळे कानशिलाजवळचा भाग उजाड झाला असेल आणि आता ओढणं थांबलं असेल, तर रोपण उत्तम काम देतं. डोक्यावरून हंडे आणि वैरणीचे भारे वाहून टाळू घासली गेलेल्या बाईची तज्ज्ञाने तपासणी करून हाच विचार करता येईल. चुलीवर भाजल्याचा, अपघाताचा व्रण असेल, कपाळ जन्मतःच फार मोठं असेल, किंवा विरळता टाळूपुरती असून मागचा पट्टा भक्कम असेल, तर त्या बाईने खुशाल करावं. कायदाही हा फरक ओळखतो. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे, केशरोपणाला नाही. मात्र जन्मजात दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेलं अंग पूर्ववत करायला ते केलं तर सूट लागू होते. भाजलेल्या बाईच्या डोक्यावरचा कर ‘सौंदर्या’चा म्हणून कुणी घेत असेल तर तिने भांडावं.

भांडण्याचा दुसरा मुद्दा हातांचा. ग्राफ्टमागे, म्हणजे लावायच्या केसांच्या पुंजक्यामागे, दर ठरतो, त्यामुळे गिऱ्हाईक नाकारण्यात दवाखान्याचा तोटा असतो. डॉक्टर भिंतीवरच्या फोटोत आणि सुई भलत्याच्या हातात, असं होऊ शकतं. मार्च 2019 मध्ये मुंबईत रोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. 2025 मध्ये कानपूरची दोन मृत्यूंची प्रकरणं उजेडात आली, तिथे आरोप दंतवैद्यकाच्या डॉक्टरवर होता. दरम्यान सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं होतं की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही. ही गोष्ट लिहून सांगावी लागली, यातच सगळं आलं.

तेव्हा म्हसवडच्या, दहिवडीच्या, आटपाडीच्या बाईला एवढंच सांगणं. फलकावरच्या नंबराला फोन लावण्याआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दिवस मोडला तरी तो दिवस स्वस्त पडेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइडचे कागद सोबत ठेवा. रोपण सुचवलंच तर विचारा: माझ्या केसगळतीचं नाव काय, मागचा पट्टा यंत्राखाली पाहिलात का, औषध आधी का नको, चामडीत सुई कोण घालणार, काही बिघडलं तर इथे काय सोय आहे. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, हे तुम्हाला स्वतःला तपासता येतं. उत्तरं मिळाली नाहीत तर उठून या. मिळाली आणि पटली, तर करा, आणि घरात कुणाची परवानगी मागत बसू नका.