न जाणण्याचा हक्क

अ‍ॅलिस वेक्सलर या इतिहासाच्या अभ्यासक. त्यांचे ‘मॅपिंग फेट’ हे पुस्तक १९९५ साली निघाले. आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्यांनी ते उचलले ते शीर्षकामुळे: दैवाचा नकाशा! आपल्या परंपरेत दैव ललाटी लिहिलेले असते आणि ते कुणाला वाचता येत नाही, ही एक सोयच आहे. हंटिंग्टन रोगाच्या बाबतीत १९९३ पासून ते वाचता येते. आमचा सारा विचार या एका फरकाभोवती फिरत राहिला आहे.

जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली या व्याधीचे वर्णन केले. त्याचे वडील आणि आजोबा लाँग आयलंडवर वैद्यकी करीत. त्यांनी पाहिलेल्या घराण्यांचा आधार त्याला होता. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान अंगाला अनावर हालचाली सुरू होतात, स्वभाव पालटतो, बुद्धी विझत जाते, आणि पंधरावीस वर्षांत माणूस संपतो. आईवडिलांपैकी एकाला रोग असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा. नाणे उडवावे तसे. मागच्या भावंडाचे काय झाले याच्याशी पुढच्याचा संबंध नाही.

अ‍ॅलिस आणि त्यांची धाकटी बहीण नॅन्सी यांच्या आईला, लिओनोरला, १९६८ साली लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एका पोलिसाने हटकले: सकाळीसकाळीच दारू प्यायलीस, लाज नाही वाटत? ती प्यायलेली नव्हती. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ याच रोगाने गेले होते, आणि ती स्वतः प्राणिशास्त्राची पदवीधर होती. तरीही मुलींना त्या वर्षापर्यंत काहीच ठाऊक नव्हते. (आपल्याकडे स्थळ पाहताना ‘घराण्यात काही नाही ना?’ असे विचारले जाते. ‘काही’ या शब्दात काय काय दडवलेले असते, ते विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि उत्तर देणाऱ्यालाही.) वडील मिल्टन वेक्सलर यांनी त्याच वर्षी संशोधनासाठी संस्था उभारली. लिओनोर १९७८ साली वारल्या. दोघी बहिणींनी मुले होऊ दिली नाहीत.

नॅन्सी मानसशास्त्रज्ञ. १९७९ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्या व्हेनेझुएलात मराकाइबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत जात राहिल्या. तिथले लोक या व्याधीला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘ती पीडा’, म्हणत. अमेरिको नेग्रेत्ते या तिथल्याच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ती ओळखली होती. लोक रक्त द्यायला बिचकत, तेव्हा नॅन्सींनी आपल्या दंडावरचा व्रण दाखवला: तपासणीसाठी माझीही कातडी काढली आहे, माझ्याही घरात हे आहे. अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली. १९८३ साली जेम्स गुसेला व सहकाऱ्यांना चौथ्या गुणसूत्रावरची खूण सापडली, आणि दहा वर्षांनी प्रत्यक्ष जनुक. त्यात सीएजी हा तीन अक्षरांचा तुकडा सलग चाळीस वेळा किंवा त्याहून अधिक आला, की सामान्य आयुर्मानात रोग चुकत नाही.

आणि एवढे सगळे झाल्यावर नॅन्सींनी स्वतः चाचणी न करण्याचे ठरवले. वर्गात हे सांगितले की मुले चटकन म्हणतात, हा तर भित्रेपणा. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या ज्ञानाने काही करता येते, ते टाळणे हा पळपुटेपणा म्हणता येईल. पण इथे रोग रोखणारे औषध आजही नाही. अनावर हालचाली कमी करणारी औषधे आहेत, तेवढीच. निकाल हाती आल्यावर वाट पाहण्याखेरीज उरते काय? चाचणी उपलब्ध होण्याआधी ती करून घेऊ म्हणणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात जोखमीतल्या फार थोड्यांनी ती केली. ज्याला लग्न, मुले, नोकरी ठरवायची आहे त्याने जरूर करावी. मात्र ‘विज्ञानावर विश्वास असेल तर जाणून घेतलेच पाहिजे’ हा आग्रह विज्ञानाचा नव्हे, तो आग्रहकर्त्याच्या कुतूहलाचा आहे. नॅन्सींनी न जाणता काम केले, आणि २०२० साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याला हाच रोग असल्याचे जाहीर केले. तोवर लक्षणे इतरांना दिसू लागली होती.

आम्हांला अधिक सलते ते दुसरेच. मराकाइबोच्या कुटुंबांना निवडीचा हा नाजूक प्रश्न पडण्याइतकी उसंत कधी होती? रुग्णांसाठी तिथे उभे राहिलेले सेवागृह पुढे बंद पडले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा कुटुंबांना व्हॅटिकनमध्ये भेट दिली, तेव्हा लॅटिन अमेरिकेतले रुग्णही आले होते. तो सन्मान मोठाच. पण सन्मानाने औषधे मिळत नाहीत. २०२१ साली एका बहुचर्चित औषधाची चाचणी थांबवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये मेंदूत शस्त्रक्रियेने जनुकीय औषध सोडण्याच्या एका प्रयोगाचे आशादायक निष्कर्ष जाहीर झाले: मोठी मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांत तीन वर्षांअखेर रोगाची गती बरीच मंदावली. संख्या लहान आहे, नियामकांच्या शंका आहेत. तरी ही आशा खरी आहे. तो प्रयोग अमेरिकेत आणि युरोपात झाला. ज्यांच्या रक्तावर ही वाट सापडली त्यांच्या वस्तीत असले ऑपरेशन कधी होईल, यावर आम्हांला तरी काही वाचायला मिळालेले नाही.