वाळूचा पूर्वेतिहास आणि भूकंपाचा धोका

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराच्या पश्चिमेस ४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मोठी प्राणहानी टळली. मात्र शहराच्या पूर्व भागात जमिनीतून पाणी आणि गाळ उसळला. एकदा हादरून खाली बसलेली वाळू आता घट्ट झाली असेल, असा समज होणे स्वाभाविक होते. तो फोल ठरला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाने १८५ बळी घेतले आणि त्याच वस्त्या पुन्हा चिखलात रुतल्या. जून आणि डिसेंबर २०११ मध्येही याचीच पुनरावृत्ती झाली. फेब्रुवारीचा भूकंप शहराच्या अगदी निकट झाला, हे खरे. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

पाण्याने भरलेल्या सैल वाळूला हादरे बसले की तिचे कण जवळ सरकू पाहतात. पाण्याला निसटण्यास अवधी मिळत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांचा परस्परांचा आधार सुटतो आणि जमीन द्रवासारखी वागते. यालाच द्रवीकरण म्हणतात.

फिन, ब्रान्स्बी आणि पिकरिंग या संशोधकांनी १९७० मध्येच प्रयोगांती दाखवून दिले होते की, पूर्वीचे सौम्य हादरे वाळूला बळकट करतात. परंतु एकदा पूर्ण द्रवीकरण झालेली वाळू, पूर्वीपेक्षा घट्ट होऊनही, पुढच्या वेळी लवकर दगा देऊ शकते. याचे कारण कणांच्या बदललेल्या रचनेत आहे. म्हणूनच केवळ घनतेवर विसंबणारे गणित अपुरे पडते. डाफालियास आणि मंझारी यांच्या २००४ मधील प्रारूपात या रचनाबदलाचा स्वतंत्र हिशेब ठेवण्यात आला.

क्राइस्टचर्च परिसरात सुमारे ८ हजार मालमत्तांच्या जमिनी अखेर निवासासाठी सोडून द्याव्या लागल्या. भारतालाही हा प्रश्न परका नाही. कच्छच्या रणात १८१९ आणि २००१ या दोन्ही भूकंपांत जमिनीतून पाणी उसळले होते. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत द्रवीकरणाचा धोका तपासण्याची पद्धत दिली आहे. तिचा पाया प्रामुख्याने भूस्तराच्या आजच्या चाचणीवर आहे. जमिनीने पूर्वी काय सोसले, हे त्या आकड्यांत अंशतःच उतरते. त्यामुळे ‘येथे एकदा होऊन गेले, आता भय नाही’ हा युक्तिवाद पुनर्बांधणीच्या वेळी कोणी केला, तर तो पुराव्याविना मान्य करणे धोक्याचे ठरेल.