पंचवीस म्हणजे पंचवीस!
आष्टी (ता. परतूर, जि. जालना) आणि पंचक्रोशीतील नागरिकांना जाहीर आवाहन



महाराष्ट्रात दारू पिण्याचं कायदेशीर वय पंचवीस आहे. सौम्य बिअर आणि वाइनला एकवीस. देशी असो, रम असो, व्हिस्की असो, पंचवीस पूर्ण न झालेल्याला ती विकता येत नाही आणि त्याला ती पिता येत नाही. हे वाचून आपल्यातले कितीतरी लोक चकित होतील, कारण आपल्या भागात हे वय कुणी कुणाला विचारतच नाही.

आणि हेच वय खाली आणा, अशी मागणी मोठ्या शहरांतून अधूनमधून उठते. हरियाणाने २०२१ साली ते पंचवीसवरून एकवीस केलं. दिल्लीनेही त्याच वर्षी नव्या मद्यधोरणात तशीच घोषणा केली होती. पुढे ते धोरणच गुंडाळावं लागलं. उद्या आपल्या सरकारपुढे हा विषय आला तर हॉटेलवाले बोलतील, कंपन्या बोलतील, टीव्हीवर चर्चा झडतील. ज्या घरांत याचा हिशेब चुकता होतो, त्या घरांना कुणी विचारणार नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे. वय एका वर्षानेही कमी करू नका. आणि जे वय आज कायद्यात आहे, ते आष्टीच्या दुकानाच्या खिडकीवर पाळायला लावा.

२०११ साली सरकारने व्यसनमुक्ती धोरण आणलं आणि त्यात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस असं ठरवलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. अभिनेता इम्रान खान त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेला. तेव्हाचा मुद्दा आजही तोच आहे: अठराव्या वर्षी मत देता येतं, फौजेत भरती होता येतं, मग ग्लास हातात घ्यायला पंचवीस कशाला?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते सरळ आहे. कायदा प्रत्येक गोष्टीचं वय वेगळं धरतो. मोटारीचं लायसन्स अठराला. मुलाचं लग्न एकवीसला. ग्रामपंचायतीला उभं राहायला एकवीस, आमदारकीला पंचवीस. अठराव्या वर्षी मत देतो म्हणून मला आमदारकीचा फॉर्म भरू द्या, असं कुणी म्हणत नाही. ज्या कामाची जोखीम जास्त, त्याला जास्त वय, एवढी साधी रीत आहे. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो; त्यातही मागचापुढचा विचार करणारा, हाताला आवर घालणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, हे डॉक्टर आता एकमुखाने सांगतात. जितक्या कोवळ्या वयात सुरुवात, तितकं पुढे सुटणं अवघड, हेही. मग पंचवीस हा आकडा हवेतून आलेला नाही.

दुसरा मुद्दा जास्त पसरलेला आहे, आणि आमच्या मते जास्त घातक आहे. लोक म्हणतात, पोरं तर पितातच, कायदा कुणी पाळत नाही, मग उगाच कशाला ठेवायचा?

कायदा का पाळला जात नाही, हे आधी बघू या. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊकच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली देशीचा एक दिवसाचा परवाना दोन रुपयांना, विदेशीचा पाच रुपयांना मिळतो. वर्षाचा शंभर, जन्मभराचा हजार. परवाना देताना वय बघायचं, ही त्यातली मुख्य अट. म्हणजे वय तपासायची जागा कायद्याने करून ठेवलेली आहे. आता संध्याकाळी कुठल्याही देशी दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट. बाहेरून नोट आत जाते, आतून बाटली बाहेर येते. आतल्या माणसाला दिसतो फक्त हात. हात सतरा वर्षांचा की सत्तेचाळीस वर्षांचा, हे तो बघत नाही आणि त्याला ते बघायला लावणारं कुणी तिथं नसतं. परवाना कुणाला दिसत नाही. आम्ही हे कुठल्या एका दुकानाबद्दल लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं.

आणि हे झालं परवानाधारक दुकानाचं. तिथून पेटीच्या पेटी मोटारसायकलवर निघते आणि गावोगावच्या टपरीत, धाब्याच्या मागच्या खोलीत, किराणा दुकानाच्या पोत्यांमागे जाऊन बसते. तिथं दहा-वीस रुपये जास्त घेऊन, आणि तेही उधारीवर, नववीतल्या पोराला मिळते. या जागी वय एकवीस केलं काय आणि अठरा केलं काय, फरक पडणार नाही, कारण या विक्रीला कुठलंच वय लागू नाही. फरक पडेल तो एवढाच, की आज ज्या पोराला घरचे ‘कायद्याने तुला परवानगी नाही’ असं ठणकावून सांगू शकतात, तो उद्या कायदाच तोंडावर फेकील. घरातल्या माउलीच्या हातात आज सरकारचा एक शब्द आहे. तोही काढून घेऊ नका.

आपल्या भागात हे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यात जास्त टोचेल. ऊसतोडीची उचल वाटली जात आहे. मुकादमाकडून रोख रक्कम घरात येते, आणि ती फेडायला दिवाळीनंतर सहा महिने फडात राबायचं असतं. आता त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं अर्धा कोयता म्हणून निघालेली असतात. जन्मात पहिल्यांदा एकरकमी पैसा हातात येतो. कॉलेज सुटलेलं, बरोबरीचे चार जण सोबत, आणि बाटली हाताच्या अंतरावर. त्या पोरावर कर्ज चढतं ते अंगाच्या कष्टाचं, आणि उडतं ते जाळीसमोर. पुढे फडात थंडी आहे, पहाटे गाडी भरायची आहे, अंग दुखतं आहे. पहिल्या हंगामात घेतलेली सवय दुसऱ्या हंगामात गरज होते. मुंबईच्या बारमध्ये मित्राच्या वाढदिवसाला बिअर घेणाऱ्या मुलाचं वय आणि या पोराचं वय एकच आहे. दोघांच्या मागे उभं असलेलं घर एक नाही. जो कायदा दोघांना लागू होणार, तो पडणाऱ्याकडे बघून करावा लागतो.

१९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर चिरडले. आधी तो पबमध्ये दारू पिऊन आला होता. त्यानंतर राज्यभर पंचवीसचा नियम सगळ्यांना एकदम आठवला. पबना सील लागलं, मालकांवर गुन्हे दाखल झाले. झालं ते योग्यच झालं. पण परतूर–माजलगाव रस्त्यावर प्यालेलं पोर दुचाकीसकट उसाच्या ट्रॉलीखाली जातं, तेव्हा ‘याला दारू कुणी विकली?’ हा प्रश्न पंचनाम्यात येतो का? आष्टीत पोलीस ठाणं आहे, उत्पादन शुल्कचं जिल्हा कार्यालय जालन्याला आहे. अपघातात गेलेल्या प्रत्येक पंचवीसच्या आतल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जावा, अशी आमची मागणी आहे.

वय खाली आणून बघितलेल्या देशाचं काय झालं, तेही सांगतो. अमेरिकेत १९७१ मध्ये मतदानाचं वय अठरावर आलं आणि त्यापाठोपाठ अनेक राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं; युक्तिवाद हाच होता. रस्त्यावर तरुण पोरं मरू लागली. शेवटी १९८४ साली तिथल्या केंद्र सरकारने कायदा केला: वय एकवीस करा, नाहीतर महामार्गाच्या निधीत कपात. काही वर्षांत सगळी राज्यं एकवीसवर परतली. दारू जिथं घरोघरी चालते, त्या देशाने हे केलं. आपल्याकडे केरळनेही २०१७ मध्ये वय एकवीसवरून तेवीस करायचं ठरवलं.

सरकारची अडचण आम्हाला कळते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील असं सांगण्यात आलं. देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ऐंशी रुपये झाली. तिजोरीला दारूचा पैसा लागतो, आणि गिऱ्हाईक जितकं लहान तितकी वर्षं जास्त. पण राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने याच सरकारवर मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न करायची जबाबदारी टाकली आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेला पत्र लिहिलं होतं. तेव्हाचं सरकार इंग्रजांचं होतं. आताचं आपलं आहे, म्हणून अपेक्षा जास्त.

कुणी म्हणेल, चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी केली आणि २०२१ ला उठवावी लागली, तुम्ही कशाला भांडता? आम्ही बंदी मागत नाही. पन्नास वर्षांच्या माणसाने काय करावं, हा आजचा विषय नाही. पंचवीसच्या आतल्या लेकराला विकू नका, एवढंच मागतो आहोत, आणि ते आधीच कायद्यात आहे.

आणखी एक, आपल्या घरातलं. दहा-बारा वर्षांच्या पोराला ‘जा रे, एक क्वार्टर घेऊन ये’ म्हणून धाडणारे बाप गावोगाव आहेत. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने अठराच्या आतल्या मुलाला दारू देणं, आणि ७८ व्या कलमाने त्याच्याकडून दारूची ने-आण करवणं हा गुन्हा आहे. दोन्हींना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दुकानदाराला जाब विचारायचा असेल, तर आधी हे आपल्या अंगणात थांबवलं पाहिजे.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सगळ्यांनी यावं. आयाबहिणींनी तर यावंच, आणि मागच्या सतरंजीवर न बसता पुढे बसावं. तिथं हा ठराव मांडायचा आहे: दारूचं वय कमी करायला आष्टीचा विरोध आहे, परवानाधारक दुकानाने आधार कार्ड बघून परवाना दिल्याशिवाय बाटली देऊ नये, दुकानाच्या खिडकीवर पंचवीसचा फलक आणि कॅमेरा लावावा, २०१६ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे ग्रामरक्षक दल स्थापन करावं. ठरावाची प्रत तहसीलदार, पोलीस ठाणं आणि उत्पादन शुल्क अधीक्षक, जालना यांना त्याच आठवड्यात जाईल, आणि पोच घेतली जाईल.

तरीही खिडकी तशीच चालू राहिली, तर पुढचा रस्ता कायद्यानेच दिलेला आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान मागता येतं, आणि निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. सह्यांचे कागद ग्रामसभेच्या दिवशी सोबत आणले जातील. अवैध विक्री दिसली तर ११२ ला फोन करा, जागा आणि वेळ सांगा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्या.

— आष्टी व पंचक्रोशीतील पालक