कोरडा बोअरही वहीत लिहा

सोनगीर असो की आजूबाजूचं कुठलंही गाव, उन्हाळा तापला की बोअरची गाडी येतेच. शेजारच्या वावरात दीडशे फुटांवर पाणी लागलं, म्हणजे आपल्याकडेही लागणार, असा साधा हिशेब असतो. पाणाड्याही नारळ घेऊन फिरून जातो. मग तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडते आणि उरतं ते कर्ज.

हसू नका. कॉम्प्युटरही जवळपास हाच हिशेब करतो. भूजलाचं मॉडेल करायचं तर कुठला थर किती खोल आहे, हे आधी सांगावं लागतं. सगळीकडे खोदून कोण बघणार? म्हणून मोजक्या बोअरची माहिती घ्यायची आणि मधली जागा गणितानं भरायची. याला म्हणतात इंटरपोलेशन. जवळच्या बोअरला जास्त वजन, लांबच्याला कमी. त्यातली ‘क्रिगिंग’ ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांच्या नावानं ओळखली जाते. अंदाज कुठे कच्चा आहे, हेही ती सांगते. पाणाड्या ते सांगत नाही!

आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरलेत. सच्छिद्र थरात पाणी, कठीण काळ्या दगडात ठणठणाट, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. इथवर गणित चालतं. पण धुळे-नंदुरबार पट्ट्यात या थरांना उभ्या चिरत गेलेल्या डाइक आहेत, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती. काही कित्येक किलोमीटर लांब. अशी भिंत कुठे पाणी अडवते, तर कुठे स्वतःच्याच भेगांतून वाहून नेते. अलीकडे पाणी चाळीस फुटांवर, पलीकडे दोनशेवर, असंही होऊ शकतं. सॉफ्टवेअर मात्र दोन्हींच्या मध्ये छान गुळगुळीत उतार काढून देतं. तो उतार जमिनीत नसतोच. म्हणून आधी डाइक नकाशावर आखायची आणि दोन्ही बाजूंचं गणित वेगळं करायचं. तापीकाठी शिरपूरकडे गेलात तर गाळाचा प्रदेश लागतो, तिथे हिशेबच निराळा.

माझी तक्रार वेगळीच आहे. ‘डेटा कमी आहे’ असं आपण म्हणतो, पण तो कमी नाही, आपण तो फेकतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण त्या मोजक्याच. खासगी बोअर गावोगाव होतात आणि बिलावर फक्त फूट उरतात. मुरूम कुठे संपला, लाल माती कधी आली, हे गाडीवाल्याला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावात असते.

भूगोल, भूगर्भशास्त्र, कॉम्प्युटर, काहीही शिकत असाल तरी गाडी आली की वही घेऊन उभे राहा. दर दहा फुटांना चिमूटभर चुरा पिशवीत भरा, खोली लिहा, मोबाइलवरून जागा टिपा. पाणी लागलेला बोअर सगळेच सांगतात. कोरडा गेलेला लाजेनं लपवला जातो, आणि भिंत कुठे आहे हे तर बहुतेकदा तोच सांगतो. त्या घरी दोनदा चहाला जावं लागलं तरी चालेल, पण त्याची खोली विचारून घ्या.