विश्लेषण : ‘रक्त पातळ’ करणारी गोळी गुठळी विरघळवते का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२५ मध्ये ‘टेनेक्टेप्लेस’ हे गुठळी विरघळवणारे औषध मेंदूच्या पक्षाघातासाठी मंजूर केले. भारतात त्याचा यासाठी वापर त्याआधीच सुरू झाला होता. पुण्यातील जेनोव्हा कंपनी ते बनवते. मात्र रुग्ण आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर हे इंजेक्शन देता येईलच असे नाही. असे का?

गुठळी बनते आणि विरघळते कशी?

जखम झाली की ‘थ्रॉम्बिन’ हे विकर रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार करते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. काम संपले की जाळे तोडण्याची जबाबदारी ‘प्लास्मिन’ या दुसऱ्या विकराची. ते रक्तात प्लास्मिनोजेन या निष्क्रिय रूपात असते आणि ‘टीपीए’ हे विकर त्याला जागे करते. विशेष म्हणजे टीपीए मोकळ्या रक्तात फारसे काम करत नाही. फायब्रिनला चिकटल्यावर त्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे गुठळी स्वतःच आपल्या विनाशाची जागा पुरवते.

मग गुठळी टिकते कशी?

शरीराने विरघळवण्याच्या प्रक्रियेलाही ब्रेक लावले आहेत. ‘पीएआय-१’ हे प्रथिन टीपीएला, तर ‘अँटिप्लास्मिन’ प्लास्मिनला निष्प्रभ करते. तिसरा ब्रेक थ्रॉम्बिनच्या हातात आहे. ते ‘टॅफी’ नावाचे विकर सक्रिय करते. प्लास्मिनोजेन फायब्रिनवर ज्या टोकांना पकडून बसते, ती टोकेच टॅफी छाटून टाकते. शिवाय थ्रॉम्बिन जास्त असेल तर धागे बारीक व दाट विणले जातात आणि असे जाळे तुटायला वेळ लागतो. थोडक्यात, थ्रॉम्बिन गुठळी बनवते आणि तिची राखणही करते.

रक्त पातळ करणारी औषधे नेमके काय करतात?

हेपरिन, वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, एपिक्साबॅन यांनी रक्त पातळ होत नाही आणि बनलेली गुठळीही थेट विरघळत नाही. ती वेगवेगळ्या मार्गांनी थ्रॉम्बिनची निर्मिती किंवा काम रोखतात. त्यामुळे गुठळी वाढत नाही. थ्रॉम्बिन कमी म्हणून टॅफी कमी सक्रिय होते, नवे जाळे विरळ बनते आणि शरीरातील प्लास्मिनचे काम सोपे होते. पायातील गुठळीवर याच गोळ्या दिल्या जातात. गुठळी हळूहळू विरघळवते ते शरीरच.

टेनेक्टेप्लेस वेगळे कसे?

जुने औषध अल्टेप्लेस म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले टीपीए. रक्तात त्याचे प्रमाण सुमारे पाच मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते तासभर शिरेतून द्यावे लागते. टेनेक्टेप्लेस हे त्याच रेणूचे सुधारित रूप. पीएआय-१ चा ब्रेक त्याला सहज लागत नाही, ते फायब्रिनला अधिक नेमकेपणाने धरते आणि जास्त वेळ टिकते. त्यामुळे एकच इंजेक्शन पुरते. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवायच्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे.

धोका कोठे आहे?

गुठळीने बंद झालेल्या रक्तवाहिनीमुळे पक्षाघात झाला, तर ही औषधे साधारण साडेचार तासांत द्यावी लागतात. पण इजा झालेल्या मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक झालेल्या असतात. एकीकडे गोठण्याची क्रिया गोळीने रोखलेली आणि दुसरीकडे प्लास्मिन जोरात, अशा वेळी मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याचा ‘आयएनआर’ १.७ पेक्षा जास्त असेल किंवा नव्या गोळ्यांपैकी एखादी ४८ तासांत घेतली असेल, तर डॉक्टर सहसा हे इंजेक्शन टाळतात. डॅबिगॅट्रानचा परिणाम उतरवणारे औषध आहे. ते देऊन मार्ग काढता येतो. मोठी वाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी बाहेर काढण्याचा पर्याय उरतो.

कुटुंबीयांनी काय करावे?

अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेललाही बोलीभाषेत ‘रक्त पातळ करणारी गोळी’च म्हणतात. पण ती प्लेटलेट्सवर काम करतात आणि बहुधा या उपचाराच्या आड येत नाहीत. त्यामुळे ‘पातळ करणारी गोळी चालू आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. गोळीचे पाकीट सोबत न्यावे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे. मात्र पक्षाघाताच्या भीतीने चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. ती बंद केल्यानेच गुठळीचा धोका वाढतो.